तिकिटावरचे सव्वादोन तास

मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानाची दारं लागतात, पट्टे आवळले जातात आणि कॉकपिटमधून घोषणा होते: हवेतला प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा. तिकिटावर मात्र सव्वादोन तास असतात. बहुतेकांचं तिकडे लक्षच नसतं. कुणी शेवटचा मेसेज टाकत असतं, कुणी वरच्या कप्प्यात बॅग कोंबत असतं. पण खिडकीशी बसलेल्या एखाद्या आजोबांच्या डोक्यात वजाबाकी सुरू होतेच. सव्वादोन तासांतून एक तास चाळीस मिनिटं गेली, राहिली पस्तीस. ती कुठे गेली? 'कंपन्या वेळ फुगवून सांगतात' हे उत्तर तयारच असतं आणि ते अगदीच खोटं आहे असंही नाही. पण तेवढ्यावर प्रश्न मिटवला तर या प्रवासातलं बघण्यासारखं बरंच काही निसटून जातं. त्या पस्तीस मिनिटांत सांताक्रूझच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, दिल्लीचं धुकं आहे, बारा किलोमीटर उंचीवरून वाहणारा पश्चिमेचा वारा आहे, आणि या सगळ्याचा आधीच अंदाज बांधून वेळापत्रक रचणाऱ्या माणसांची मेहनतही आहे.

सुरुवात अंतरापासून करू, कारण या सगळ्या हिशेबात न बदलणारी गोष्ट तेवढीच आहे. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून जाणारी सर्वांत जवळची रेघ. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांना बोट लावून दोरा ताणून धरला की तो आपोआप त्या रेघेवर बसतो. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात, आणि अंतर त्या दोन बिंदूंमधलं मोजतात. टर्मिनलच्या दारापासून नव्हे. मुंबईचा बिंदू १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्लीचा २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. मुंबई-दिल्लीसारख्या बेताच्या अंतराचा हिशेब शाळेतल्या पायथागोरसवर भागतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ नॉटिकल मैल. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश, म्हणजे उत्तरेकडे ५६९ नॉटिकल मैल. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण उत्तरेकडे सरकावं तशा रेखांशाच्या रेघा जवळ येतात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश २३.८, त्याचा कोसाइन ०.९१५. गुणाकार ३.८७ अंश, म्हणजे पूर्वेकडे साधारण २३२ नॉटिकल मैल. दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. उत्तर साधारण ६१५ नॉटिकल मैल. १.८५२ ने गुणलं की जवळजवळ १,१४० किलोमीटर. मुंबई-लंडनसारख्या ७,२०० किलोमीटरच्या अंतराला ही पद्धत चालत नाही. तिथे गोलाची त्रिकोणमिती लागते, कारण ती रेघ सपाट नकाशावर चांगलीच उत्तरेकडे फुगलेली दिसते.

याच रीतीने नवी मुंबईच्या विमानतळाचा हिशेब करून पाहिला तर मौज वाटते. तो सांताक्रूझच्या थोडा दक्षिणेला आहे, म्हणजे दिल्ली लांब पडायला हवी. पण तो पूर्वेलाही आहे, त्यामुळे तिकडचं अंतर कमी होतं. वाढलेलं आणि घटलेलं जवळजवळ फिटतं आणि उत्तर पुन्हा ६१५-६१६ नॉटिकल मैलच येतं. उलव्याहून निघा की सांताक्रूझहून, दिल्ली सारखीच लांब. फरक पडतो तो जमिनीवर. पनवेलच्या किंवा पुण्याच्या माणसाला ठाणे-सायनची गर्दी टळते, आणि बोरिवलीच्या माणसाला तीच गर्दी नव्याने वाट्याला येते.

रेल्वेचं अंतर यापेक्षा बरंच जास्त आहे. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली राजधानीच्या वाटेने १,३८४ किलोमीटर. वडोदरा, रतलाम, कोटा अशी वळणं घेत ती जाते. पण विमानही दोऱ्यासारख्या सरळ रेघेवरून जात नाही, हे अनेकांना माहीत नसतं. आकाशात हवाईमार्ग आखलेले आहेत. त्यांवर पाच अक्षरी नावांचे वेपॉइंट, म्हणजे नकाशावर ठरवून दिलेले बिंदू आहेत, आणि वाटेत लष्करी सरावासाठी राखलेले हवाईक्षेत्राचे तुकडे आहेत. ते मोकळे असले तर सरळ वाट मिळते, नसले तर वळसा. वाटेत एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांनी, 'थेट अमुक वेपॉइंटला जा' अशी परवानगी दिली की तीन-चार मिनिटं वाचतात. घोषणेत सांगितलेल्या वेळेपेक्षा विमान आधी उतरतं त्यामागे बऱ्याचदा असा एखादा शॉर्टकट असतो.

आता सांताक्रूझ. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. मुख्य पट्टी पूर्व-पश्चिम, तिच्या टोकांना ०९ आणि २७ हे आकडे. दुसरी वायव्य-आग्नेय, १४ आणि ३२. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेचे अंश दहाने भागून केलेली पूर्णांकी संख्या. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. पट्ट्या छेदत असल्यामुळे एकावर विमान सुटत असताना दुसरीवर बिनधास्त उतरता येत नाही. म्हणून व्यवहारात मुंबईकडे एका वेळी एकच धावपट्टी असते, आणि त्या एका पट्टीवरून दिवसाला नऊशे-हजार विमानांची ये-जा होते. गर्दीच्या तासात पंचेचाळीसच्या आसपास. दर ऐंशी सेकंदांना एक विमान उतरतंय किंवा सुटतंय असं डोळ्यांसमोर आणा. छोट्या विमानाला मोठ्याच्या मागोमाग सोडता येत नाही, कारण मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे राहतात. ते विरायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. उतरलेलं विमान पट्टीवरून चटकन बाहेर पडलं नाही तर मागच्याला पुन्हा वर जावं लागतं. या गुंत्यात एकही चूक होऊ न देता रात्रंदिवस काम करणाऱ्या टॉवरमधल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. उशीर झाला की शिव्या खायला तेच पुढे असतात, आणि ज्या हजारो दिवशी सगळं सुरळीत झालं ते कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

म्हणून मुंबईत विमान गेटपासून मागे ढकललं गेल्यापासून चाकं उचलेपर्यंत पंधरा ते पंचवीस मिनिटं जातात. पुशबॅकचा ट्रॅक्टर विमान मागे रेटतो, एकेक इंजिन सुरू होतं, खाली उभा असलेला इंजिनिअर हेडसेटची वायर काढतो, सेफ्टी पिन हातात उंच धरून पायलटला दाखवतो आणि बाजूला होतो. मग रांग. काही कंपन्या इंधन वाचवण्यासाठी टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, एकच इंजिन चालू ठेवतात. दुसरं उड्डाणाआधी काही मिनिटं सुरू करून गरम होऊ द्यावं लागतं. ए३२० सारखं विमान नुसतं जमिनीवर रांगत असताना मिनिटाला दहा-बारा किलो इंधन पितं. म्हणून अलीकडे एक शहाणपणाची पद्धत आली आहे. दिल्लीत गर्दी होणार हे आधीच दिसत असेल तर मुंबईतल्या विमानाला निघण्याची नेमकी वेळ ठरवून दिली जाते आणि तोवर त्याला गेटवरच, इंजिनं बंद ठेवून, थांबवतात. आतल्या प्रवाशाला हे उगाच ताटकळणं वाटतं. पण दिल्लीच्या आकाशात घिरट्या घालण्यापेक्षा मुंबईच्या जमिनीवर थांबणं इंधनाच्या दृष्टीनं कितीतरी स्वस्त आणि मनालाही बरं.

प्रवाशाला दिसणारी वेळ ही गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते.

याला ब्लॉक टाइम म्हणतात, कारण चाकांखालचे ठोकळे निघतात तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि ठोकळे पुन्हा लागतात तेव्हा थांबतं. कॅप्टन सांगतो तो फक्त हवेतला वेळ. आजोबांच्या पस्तीस मिनिटांचा मोठा भाग इथेच सापडतो. मुंबईच्या रांगेची वीस, दिल्लीत उतरल्यावर गेटपर्यंतची दहा, आणि उरलेली चार-पाच मिनिटं अडीअडचणीची शिल्लक.

हवेतल्या शंभर मिनिटांची फोड करून पाहिली की दुसरी एक समजूत गळून पडते. ताशी ८३० किलोमीटर वेगाने १,१४० किलोमीटर म्हणजे ब्याऐंशी मिनिटं, असा साधा भागाकार करून लोक मोकळे होतात. पण विमान तो वेग गाठतं ते वर पोचल्यावर. उड्डाणाची धाव तीस-चाळीस सेकंदांची. २७ वरून सुटलं की काही सेकंदांत जुहूचा किनारा पायाखाली येतो, डावीकडे-उजवीकडे नुसता समुद्र, आणि मग विमान उजवीकडे वळून उत्तरेला लागतं. म्हणजे पहिली काही मिनिटं दिल्लीच्या दिशेने जाण्याऐवजी अरबी समुद्रात जातात. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैलांच्या आत ठेवायचा असतो. पस्तीस-सदतीस हजार फूट गाठायला वीस-बावीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एकशेवीसेक नॉटिकल मैल सरतात. उतरण्याचा हिशेब पायलट तोंडी करतात: उंचीतल्या हजारांना तीनने गुणा, तेवढे मैल आधी खाली यायला सुरुवात करा. छत्तीस हजार फूट म्हणजे १०८ मैल, वर वेग कमी करायला दहा-बारा. म्हणजे ६१५ पैकी चढ-उतारातच साधारण २४० मैल गेले. पूर्ण वेगाने उडायला उरले जेमतेम ३७५, पन्नास मिनिटांचे. चहा-सँडविचची ट्रॉली एवढ्या घाईने का फिरते ते आता कळेल. तिला मिळणारी सपाट वाट पाऊण तासाचीच असते.

वरचा वेगही किलोमीटरमध्ये ठरत नाही, ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात ठरतो. ए३२० साधारण माक ०.७८ ने उडतं. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून. वर उणे पन्नास अंश सेल्सिअस असताना तो ५८२ नॉटच्या आसपास असतो, त्याच्या ०.७८ पट म्हणजे ४५० च्या थोडं वर. हवा अजून थंड असेल तर तोच माक आकडा ठेवून वेग थोडा कमी भरतो. उंचीचाही नियम आहे. पूर्वेच्या बाजूला, म्हणजे होकायंत्रावर शून्य ते १७९ अंशांत जाणारी विमानं ३५, ३७ हजार अशा विषम उंचीवर आणि पश्चिमेच्या बाजूची ३६, ३८ हजार अशा सम उंचीवर. मुंबईहून दिल्लीची दिशा साधारण २२ अंश, म्हणून जाताना विषम. परतताना २०२, म्हणून सम. समोरून येणारं विमान तुमच्या हजार फूट वरून किंवा खालून सुळ्ळकन जातं ते याच नियमाने. दोन विमानांचे वेग एकत्र होऊन ते खिडकीतून सेकंद-दोन सेकंदच दिसतं.

आणि वारा. हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक जोरदार वरचा वारा असतो, साधारण बारा किलोमीटर उंचीवर. शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर हा त्याचा नेहमीचा जोर, कधीकधी त्याहूनही जास्त. मुंबई-दिल्ली मार्ग उत्तर-दक्षिणेच्या जवळचा, म्हणून हा वारा प्रामुख्याने आडवा लागतो. सोपं गणित करून पाहा. वारा नेमका पश्चिमेकडून शंभर नॉट, मार्ग २२ अंश. मार्गाच्या दिशेने मिळणारी मदत सदतीस नॉट, आडवा जोर त्र्याण्णव. जोरात वाहणारी नदी ओलांडताना नावाडी नाव तिरकी धरतो, तसंच पायलटला, म्हणजे खरं तर संगणकाला, विमानाचं नाक बारा अंश पश्चिमेला वळवून उडावं लागतं. त्या तिरकेपणात साडेचारशे नॉटपैकी दहा खर्च होतात, उरतात ४४०. त्यात सदतीस मिळवले की जाताना जमिनीवरचा वेग ४७७ आणि येताना सदतीस वजा होऊन ४०३. पूर्ण वेगाचे ते ३७५ मैल जाताना सत्तेचाळीस मिनिटांत सरतात, येताना छप्पन्न लागतात. नऊ मिनिटांचा फरक फक्त वाऱ्याचा. आणि इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायची. वारा नसता तर जाऊन-येऊन शंभर मिनिटं लागली असती, वाऱ्यात एकशेतीन लागली. एका बाजूला मिळालेलं दुसऱ्या बाजूला पूर्ण फिटत नाही. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, अनुकूल वाऱ्यात कमी वेळ, आणि तिरकं उडण्याचा खर्च दोन्ही बाजूंना भरावा लागतो.

पावसाळ्यात चित्र उलटं. पश्चिमेचा वरचा वारा हिमालयापलीकडे सरकतो, त्यामुळे दिल्लीच्या वाटेवर वारा फारसा त्रास देत नाही. त्रास देतात ते ढग. क्युम्युलोनिम्बस, उभे वाढलेले, पन्नास हजार फुटांपर्यंत डोकी नेणारे. त्यांच्या आत किंवा जवळून जायचं नाही हा नियम पक्का. रडारवर लाल दिसणाऱ्या डागापासून वीस मैल दूर राहायचं, मग वळसा तीस मैलांचा असो की साठ. त्यात मुंबईवर मुसळधार पाऊस असेल तर उतरणारी विमानं एकामागून एक थांबवून ठेवली जातात. घिरटी म्हणजे लांबट वर्तुळ. एक मिनिट सरळ, एक मिनिटाचं उजवं वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. म्हणजे चार मिनिटांची एक फेरी. चौदा हजार फुटांच्या वर सरळ भाग दीड मिनिटाचा होतो. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की वीस मिनिटं सहज गेली. इंधन ताशी दोन ते अडीच टन जळत असतं, पण ते संपण्याची भीती बाळगू नये. प्रवासाचं इंधन, वर साधारण पाच टक्के आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर तीस मिनिटं घिरट्या घालण्याइतकं शेवटचं राखीव, एवढं भरल्याशिवाय विमान निघतच नाही. शेवटच्या राखिवाला हात लागण्याआधी पायलट निर्णय घेतो, मग मुंबईचं विमान अहमदाबादला उतरतं. 'पंधरा मिनिटं आणखी थांबला असता तर उतरलं असतं की' असं म्हणणं सोपं आहे. त्याने थांबायचं नाही हे ठरवलं म्हणूनच आपण हे म्हणायला जमिनीवर आहोत.

दिल्लीची तऱ्हा वेगळी. तिथे चार धावपट्ट्या आहेत, चौथी जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. जागेची चणचण मुंबईइतकी नाही. पण वारा बहुतेकदा पश्चिमेचा, म्हणून उतरायचं पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे पूर्वेकडून यायचं. मुंबईहून येणारं विमान नैऋत्येकडून येतं. त्याला विमानतळाला समांतर पूर्वेकडे पुढे जाऊन, दोनदा वळून, पुन्हा पश्चिमेकडे तोंड करावं लागतं. खिडकीतून विमानतळ दिसतो, मागे पडतो, आणि पुन्हा समोर येतो, तेव्हा ही आठ-दहा मिनिटं चाललेली असतात. वारा पूर्वेचा असेल तर हेच विमान जवळजवळ सरळ येऊन टेकतं. एकाच मार्गावरची, एकाच विमानाची वेळ आज १:३२ आणि उद्या १:४५ का, याचं उत्तर कितीदा तरी एवढंच असतं. उतरल्यावरचं टॅक्सीही दिल्लीत लांबलचक होतं. तिसऱ्या धावपट्टीवर उतरून टर्मिनल एककडे जाणाऱ्यांना पूर्वी मोठा फेरा पडे. रस्त्यावरून जाणारा उन्नत टॅक्सीवे, २.१ किलोमीटरचा, २०२३ साली झाला आणि त्या विमानांचा कित्येक किलोमीटरचा वळसा वाचला.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं उतरलं की सगळे आकडे बाजूला ठेवायचे. तिथे पन्नास मीटर दृश्यमानतेतही उतरवता येईल अशी यंत्रणा आहे. पण यंत्रणा जमिनीवर असून भागत नाही; विमानात तशी उपकरणं हवीत आणि दोन्ही पायलटांचं तसं प्रशिक्षणही. तिन्ही असलेली विमानं उतरतात, नसलेली जयपूर, लखनऊ, अहमदाबादला जातात. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणून धावपट्टी उघडी असूनही तासाला उतरणारी संख्या पार खाली येते. पहाटेच्या धुक्याचा मार मग संध्याकाळच्या कोल्हापूर-नागपूरच्या विमानांपर्यंत पोचतो. एकच विमान दिवसात पाच-सहा खेपा करतं, दोन खेपांच्या मध्ये अर्ध्या-पाऊण तासाचा मुक्काम. सकाळी हरवलेली पन्नास मिनिटं त्या मुक्कामात भरून निघत नाहीत, पुढच्या प्रत्येक खेपेच्या गळ्यात पडतात.

लांबच्या प्रवासांत हा अंतर-वेळेचा खेळ आणखी उघडा दिसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅनफ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकचा मार्ग १३,९०० किलोमीटरच्या आसपास, पॅसिफिकचा साधारण १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त उडून ते विमान दोन तास लवकर पोचलं, कारण जपान ओलांडून पुढे पश्चिमेचा वारा सतत पाठीशी होता. उलट बंद आकाश काय करतं ते २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं हवाईक्षेत्र बंद होतं तेव्हा दिसलं, आणि एप्रिल २०२५ पासून पुन्हा दिसू लागलं. दिल्लीहून युरोपला जाणारं भारतीय कंपनीचं विमान आधी दक्षिणेला गुजरातकडे येतं, अरबी समुद्रावर जातं आणि मग पश्चिमेला वळतं. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्यांना त्याची झळ फारशी लागत नाही, कारण त्यांची वाट मुळातच समुद्रावरून आहे. सॅनफ्रान्सिस्कोच्या बे एरियात मुलगी असलेल्या पुण्याच्या आईबाबांना याचा पत्ता लागतो तो तिकिटावर तास वाढलेले दिसतात तेव्हा.

आणि मागे वळून पाहिलं तर १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटे निघाले ते अहमदाबादला थांबून जुहूच्या मातीच्या पट्टीवर उतरले. सरळ अंतर जेमतेम पावणेनऊशे किलोमीटर. सकाळी निघालेलं ते छोटं पस मॉथ विमान दुपारी पोचलं. आजचं जेट हे अंतर दीड तासात कापेल, पण कराची-मुंबई थेट विमानच नाही. अंतर तेवढंच, आणि प्रवास आखातातून वळसा घालून अर्ध्या दिवसाचा.

आता त्या फुगवलेल्या वेळेबद्दल. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. प्रत्येक मार्गासाठी कंपनी मागच्या तशाच हंगामातल्या नोंदी काढते. त्या वेळेच्या गर्दीत किती मिनिटं लागली, किती खेपा किती उशिरा पोचल्या, ते पाहते आणि बहुसंख्य खेपा ज्यात बसतील तो आकडा छापते. म्हणून सकाळी साडेआठच्या विमानाला आणि रात्री दोनच्या विमानाला एकाच मार्गावर वेगवेगळा कालावधी दिसतो. यात लबाडी नाही. सरासरी छापली असती तर निम्मी विमानं रोज उशिरा आली असती, आणि पुढचं विमान गाठणाऱ्यांचे हाल झाले असते. पण याला दुसरी बाजू आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी विमान वेळेवरच धरलं जातं. आधीच ऐसपैस वेळ छापायची, वर पंधरा मिनिटांची सूट घ्यायची, आणि मग 'आम्ही वेळेच्या आधी पोचलो' अशी घोषणा करायची, हे मला पटत नाही. तिकिटावर ब्लॉक टाइमच्या शेजारी हवेतला अपेक्षित वेळही छापावा. माणसं समजून घेतात. त्यांना सांगितलं तर.

तोवर आपला हिशेब आपण करावा. मुंबई-दिल्लीचं तिकीट काढताना पहाटेचं पहिलं विमान घ्यावं, कारण ते रात्रीच येऊन उभं असतं आणि आदल्या खेपेचा उशीर त्याला चिकटत नाही. अपवाद डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीचा. तेव्हा सकाळी दहानंतर दिल्लीत उतरणारं घ्यावं, धुकं तोवर बहुधा उचललेलं असतं. पावसाळ्यात संध्याकाळपेक्षा सकाळ बरी, दुपारनंतर ढग चढतात. दिल्लीहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत. टर्मिनल बदलत असेल तर चार. टर्मिनल एक आणि तीन यांच्यामध्ये रस्त्याने जावं लागतं, आणि बॅग पुन्हा जमा करायची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मुंबईच्या धावपट्ट्या देखभालीसाठी दिवसा काही तास बंद ठेवतात; ते दिवस आधीच जाहीर होतात, तेवढे टाळावेत. आणि निघण्याच्या दोन तास आधी आपलं विमान कुठून येतंय ते बघावं. विमान शोधणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये त्याची आधीची खेप दिसते. ते जर अजून बंगळुरूच्या गेटवरच उभं असेल, तर स्क्रीनवर 'वेळेवर' असं कितीही हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी तुम्ही निवांत जेवून निघा. बोर्डिंगचं गेट पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, हे मात्र विसरू नका. उशीर अचानक रद्द होऊन दुसरं विमान लावलं गेल्याचे प्रसंगही येतात.